१९७४चा बोलर ट्रेलर: प्रकल्प नोंदी (विनिपेग, एप्रिल ते जुलै २०२४)

९ एप्रिल, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली, जेवलो आणि दुपारी ब्रँडन शहराजवळच्या एका शेतावर जाऊन ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं छोटं घर, घेऊन आलो. रस्त्याच्या कडेला अजून मळक्या बर्फाचे ढीग आहेत. टायर तडकलेले होते, म्हणून तो त्याच्या चाकांवर ओढला नाही. भाड्याच्या सपाट ट्रेलरवर चढवून आणला. मंदारने सगळी वाट ताशी ऐंशीच्या वर गाडी नेली नाही.

वर पांढरा, खाली फिका पिवळा, अंड्यासारखा गोल. १३ फुटी म्हणतात, पण त्यात गाडीला जोडायचा पुढचा दांडाही धरलेला असतो. आतली जागा जेमतेम दहा फूट. तेवढ्यात मागे टेबल आणि दोन बाकं (रात्री टेबल खाली बसवलं की दोघांचा पलंग), पुढे एक बाक (पाठ वर उचलून अडकवली की मुलांसाठी एकावर एक दोन झोपायच्या जागा), मध्ये दोन बर्नरची शेगडी, बर्फाची पेटी, मोरी आणि कपाट. सईने आत जाऊन दार लावून घेतलं आणि अर्धा तास बाहेर आली नाही.

हा ट्रेलर याच शहरात जन्मला. रे ओलेको नावाचा विनिपेगचा माणूस फायबरच्या मैलाटाक्या बनवण्याच्या कामात होता. टाकी जर इतकी हलकी आणि बिनसांध्याची होते, तर त्याच पद्धतीने लहान गाडीमागे ओढता येईल असा ट्रेलर का नाही, असं त्याच्या मनात आलं आणि १९६८मध्ये पहिले बोलर निघाले. आकार बोलर हॅटसारखा, म्हणून हे नाव. पुढे मिनेसोटातल्या बॅकस गावी याच घडणीवरून स्कॅम्प तयार झाला. तो आजही बनतो. बोलर मात्र १९८०च्या दशकात बंद पडला. इथल्या कारखान्यातून निघालेली वस्तू पन्नास वर्षांनी इथेच दुरुस्त होणार, याचा मला मनापासून आनंद आहे.

१३ एप्रिल

आतलं सगळं बाहेर काढलं. गाद्या फेकल्या. बाकाखाली उंदराचं घरटं होतं. दस्ताने आणि मास्क घालून, आधी जंतुनाशक शिंपडून ते उचललं. कोरडं झाडायचं नाही.

भिंतींना आतून मऊ फोम चिकटवलेला आहे, त्यावर विनाइलचा पातळ पापुद्रा. मागचा फोम चांगला आहे. धुऊन, रंगवून चालेल. पुढचा सुटून लोंबत होता, मागे काळी बुरशी. दारापाशी जमिनीतलं प्लायवूड कुजलंय, स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

म्हणजे गळती आहे, आणि जुनी आहे. पण बाहेरून बघितलं तर प्रत्येक खिडकी, प्रत्येक रिव्हेट सिलिकॉनने लिंपलेलं. एका माणसाचं काम नव्हे हे. थरांवर थर आहेत: पिवळा पडलेला, पांढरा, पारदर्शक. तीन वेगवेगळ्या माणसांनी गळती बंद करायचा प्रयत्न केलाय आणि पाणी थांबलेलं नाही.

त्या काळचे बरेचसे ट्रेलर लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून केलेले असत. त्यांत पाणी शिरलं की भिंतीच्या पोटातलं लाकूड कुजतं आणि बाहेरून पत्रा चकचकीत दिसत असतो. बोलरच्या भिंतीत लाकूड नाही. वरचा अर्धा भाग एक, खालचा अर्धा एक, दोन्ही कमरेवर जोडलेले. छपराला सांधाच नाही. म्हणून तो इतकी वर्षं गळूनही उभा आहे.

१४ एप्रिल

रात्री नऊला (राजापुरात सकाळचे साडेसात) अण्णांशी, माझ्या वडिलांशी, बोलले. फोन फिरवून सगळं दाखवलं. त्यांनी काही वेळ नुसतं बघितलं, मग विचारलं,

“गळतं कुठे, बाय?”

मी पुढचं कपाट दाखवलं.

“ते पडतं तिथे. शिरतं कुठे?”

आमचं घर कौलारू. दर मे महिन्यात कौलं चाळायची: सगळी उतरवायची, फुटकी वेगळी करायची, वाशा-रिपांवरचा कचरा झाडायचा आणि पुन्हा लावायची. पण त्याच्याही आधी अण्णा भर दुपारी माळ्यावर चढायचे, दार लावून काळोख करायचे आणि वर बघत बसायचे. जिथून उजेडाचा कवडसा येईल तिथे खालून हिराची काडी खुपसायची, म्हणजे वरच्या गड्याला कौल कळतं. पाणी वाशावरून चार हात घसरत जाऊन भलतीकडे ठिबकतं. उजेड मात्र सरळ येतो. लहानपणी त्या काड्या मी त्यांच्या हातात द्यायचे.

“तुझ्याकडे उलटं कर,” म्हणाले. “रात्री आत दिवा लाव आणि बाहेरून बघ.”

१६ एप्रिल

केलं. पुढचा सगळा फोम काढला (फोम असेल तिथून उजेड येणार नाही, म्हणून मागच्या भागाला हा उपाय चालणार नाही). खिडक्यांना आतून काळा कागद लावला. दोन मोठे एलईडी दिवे आत ठेवून साडेनऊला बाहेर आलो.

ट्रेलरचं तोंड आकाशकंदिलासारखं उजळलं होतं. फायबर पातळ आहे, त्यातून प्रकाश झिरपतो. काचेच्या धाग्यांची वीण, जाडपातळ थर, पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने लाटलेला राळेचा प्रत्येक फटकारा दिसत होता. जुनी ठिगळं काळी दिसतात, चिरा उजळ रेघांसारख्या. रिव्हेट काळे ठिपके. आणि त्यांतल्या सात ठिपक्यांभोवती लख्ख कडं.

ते सातही कपाटाच्या वर, छपराच्या वळणावर. सईने प्रत्येकाशेजारी निळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. मग शेजारचे आजोबा आले, आम्ही तिघं थंडीत उभे राहून बराच वेळ नुसतं ते बघत राहिलो.

२० एप्रिल

सातांपैकी पहिला रिव्हेट ड्रिलने काढला आणि आतून टपकन नाणं पडलं. कॅनडाचा एक सेंट, १९७६, मेपलची पानं, मधोमध भोक. दुसऱ्यातूनही सेंट. सातही. सर्वांत नवा १९७८चा.

बोलरमधली वरची कपाटं रिव्हेटनी थेट कवचाला टांगलेली असतात. रिव्हेटचं डोकं बाहेर, शेपूट आत. भरलेलं कपाट खड्ड्यांतून हिसके देतं तसं भोक मोठं होत जातं. कुणीतरी मूळचे सैल झालेले रिव्हेट काढून, आतून आधाराला वायसर म्हणून नाणी भोक पाडून बसवली होती. १९ मिलिमीटरचं गोल, सपाट, हाताशी असलेलं. कल्पना चांगली आणि काम सफाईदार, भोकं अगदी मध्यावर.

धातू मात्र चुकला. तो सेंट ९८ टक्के तांब्याचा आणि रिव्हेट ॲल्युमिनियमचा. दोघांमध्ये ओलावा आला की बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं, तांबं शाबूत राहतं. रिव्हेटचं अंग पांढऱ्या भुकटीचं झालं होतं, नखाने खरवडलं तरी सुटत होतं. बाहेर डोक्यावर सिलिकॉन तसंच चिकटलेलं, म्हणून वरून सगळं बंद दिसायचं. पाणी सिलिकॉनच्या सुटलेल्या कडेखालून शिरून झिजलेल्या रिव्हेटच्या अंगावरून आत यायचं, फोमच्या मागून उतरायचं आणि दारापाशी जमिनीत मुरायचं. साडेपाच फूट लांब!

अण्णांना नाणी दाखवली. त्यांना भोकाचा पैसा आठवला. युद्धाच्या काळातला, १९४३पासूनचा, मध्ये भोक असलेला. “तुझ्या आजोबांनी गोठ्याच्या पत्र्याला खिळ्यांखाली तेच लावले होते. वायसर विकत कोण आणणार?” ते पत्रेही खिळ्यांपाशीच कुजले का, ते त्यांना आठवेना.

२१ एप्रिल

सगळी भोकं मोजली. रिव्हेटची ९४. शिवाय मागाहून पाडलेली: टीव्हीच्या अँटेनाची ४, मागे सायकल अडकवायच्या सांगाड्याची ६, सावलीच्या कापडाच्या पट्टीची ११, आणि ५ ज्यांचा हेतू कळला नाही. एकूण १२०.

वहीत नकाशा काढला. प्रत्येक भोकापुढे निर्णय: ठेवायचं की कायमचं बुजवायचं. अँटेना, सायकल, कापडाची पट्टी आणि ती पाच, सगळी बुजवायची. बिनसांध्याच्या भांड्याला आपण होऊन पाडलेली ही भोकं आहेत. गळतीवर दुसरं काही करण्याआधी भोकं कमी करणं हाच खरा उपाय, असं आता माझं ठाम मत झालंय.

२७–२८ एप्रिल

दोन्ही दिवस सिलिकॉन काढण्यात गेले. प्लॅस्टिकचं पातं, रसायन, पुन्हा पातं. जुन्या ट्रेलरला सिलिकॉन लावू नका, हे मी भेटेल त्याला सांगणार आहे. ते फायबरवरून कडेने सुटतं, आणि काढल्यावर जो अदृश्य थर मागे राहतो त्यावर रंग, राळ, नवं सिलिकॉनसुद्धा धरत नाही. ब्युटाइलची पट्टी वापरायची. ती कणकेसारखी मऊ असते, वर्षानुवर्षं मऊच राहते, आणि सांधा हलला तरी सोबत हलते.

४ मे

खालचं काम. चेसिसला जॅक लावून उचललं, चाक जमिनीवरून सुटेपर्यंत. चांगला ॲक्सल असता तर चाक आधी चांगलं खाली लोंबलं असतं. आमचं लगेच उचललं गेलं. या ॲक्सलमध्ये पाटे नसतात. चौकोनी नळीत दुसरी चौकोनी सळई, तिरकी बसवलेली, आणि चार कोपऱ्यांत कोंबलेले रबराचे दोर. चाकाचा हात फिरला की रबर चेपतं, हीच स्प्रिंग. पन्नास वर्षांत रबर लाकडासारखं झालं, त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक दणका सरळ चेसिसला आणि तिथून रिव्हेटना बसला. दुरुस्ती नसते, बदलावाच लागतो. दोन्ही चाकांमधलं आणि ब्रॅकेटमधलं माप तीनदा घेऊन नवा मागवला: २२.५ अंश खाली झुकलेला हात, विजेचे ब्रेक. सहा आठवडे लागतील.

चेसिस दांड्यामागे जिथे वाकतं तिथे डाव्या बाजूला चीर. शेजारचे आजोबा निवृत्त वेल्डर आहेत. त्यांनी चिरेची दोन्ही टोकं भोक पाडून थांबवली, चीर खोबणीसारखी घासली, भरली आणि बाहेरून पट्टी जोडली. पट्टीची टोकं तिरकी कापलेली: सरळ टोक असेल तर नवी चीर नेमकी त्या रेघेवर पडते, म्हणाले. पैसे घेतले नाहीत. अळूवड्या नेऊन दिल्या.

१० मे, अक्षय्य तृतीया

जमिनीचा कुजका भाग कापून नवं सागरी प्लायवूड बसवलं, कडांना तीन वेळा इपॉक्सी पाजली. हात धुवायला बाहेर आले तर आकाश हिरवं आणि गुलाबी, अगदी डोक्यावरपर्यंत. घरात जाऊन दोघांना उठवलं. ट्रेलरच्या पायरीवर पांघरूण घेऊन बसलो. एवढा अरोरा इथे राहून इतक्या वर्षांत पाहिला नव्हता.

१८–२० मे

लाँग वीकेंड. लोक कॅम्पिंगला गेले, आम्ही भोकं बुजवली. इतके दिवस थांबले कारण पॉलिएस्टर राळ थंडीत नीट आवळत नाही. पंधरा अंशांच्या खाली भरवसा नाही. या तीन दिवसांत दुपारी तेवढी ऊब मिळाली, शिवाय आत हीटर लावला होता.

पद्धत लिहून ठेवते. आतून भोकाभोवती घासून बशीसारखा उतार करायचा. उताराची रुंदी कवचाच्या जाडीच्या बारापट. इतकं घासायला जीव धजत नाही, पण ठिगळ धरतं ते त्या उतारावर. भोकाच्या काठाला ते नुसतं टेकलेलं असतं. ॲसिटोनने पुसायचं. बाहेरून मेणकागद लावून पट्टी. मग आतून काचेच्या मॅटच्या चकत्या, लहानावर मोठी, प्रत्येक राळेत भिजवून, लहान रोलरने बुडबुडे काढत. बाहेरून राहिलेला खळगा लांबीने (पुट्टीने) भरायचा, पॉलिश पेपर मारायचा. शेवटच्या थराच्या राळेत मेण घातलेलं हवं, नाहीतर हवेला लागलेली बाजू चिकटच राहते. काचेची धूळ फार खाजते. पूर्ण बाह्या, मास्क, आणि आंघोळीला आधी थंड पाणी.

२६ पैकी २१ झाली.

२५ मे

उरलेली पाच. आज अचानक उकाडा, आणि मी राळ घट्ट करणाऱ्या हार्डनरचं प्रमाण मागच्या शनिवारचंच ठेवलं. भांड्यातली राळ दहा मिनिटांत तापून घट्ट झाली, धूर निघाला. भांडं खडीवर नेऊन ठेवलं. दोन ठिगळं अर्धवट भिजलेली राहिली, ती घासून काढावी लागली. वजनाच्या एक ते दोन टक्के ही मर्यादा. गरम दिवशी एक, थंडीत दोन, आणि एका वेळी वाटीभरच.

६ जून

अण्णांचा फोन, कोकणात पाऊस आला. मागे पागोळ्यांचा आवाज इतका होता की त्यांचं बोलणं धड ऐकू येत नव्हतं. यंदा कौलं चाळायला माणूसच उशिरा मिळाला. ज्यांना ते काम येतं ते थकले, मुलगे मुंबईला. तीन ठिकाणी गळतंय, खाली पातेली ठेवली आहेत. ते स्वतः वर चढले नाहीत ना, असं दोनदा विचारलं. “माळ्यावर गेलो होतो,” म्हणाले. काड्या खुपसायला.

आज पुढची काच परत बसवली. नवा रबर, त्याच्या खाचेत दोरी, साबणाचं पाणी. आतून दोरी ओढत जायची आणि बाहेरून मंदारने काच दाबायची. बाजूच्या खिडक्या काचेच्या पट्ट्यांच्या आहेत, आपल्याकडे बाथरूमला असतात तशा, फक्त कळ फिरवून उघडायच्या. पट्ट्यांच्या कडांना नवे रबर लावले. पाऊस चालू असतानाही त्या थोड्या उघड्या ठेवता येतात. मूळ घडवणाऱ्यांचं हे मला फार आवडलं.

१५ जून

ॲक्सल आला आणि बसला. जुन्याच्या जागी ब्रॅकेट बोल्टने, वेल्डिंग नाही. पुन्हा कधी काढायचा झाला तर सोपं जावं. ट्रेलर चार बोटं उंच झाला. हाताने दाबला की हलतो आणि परत येतो.

नवे रिव्हेट, ४.८ मिलिमीटर, ॲल्युमिनियमचे. आतून ॲल्युमिनियमचेच रुंद वायसर. प्रत्येकाच्या गळ्यात ब्युटाइल. कपाटं वर टांगताना वजन भिंतीवर यावं म्हणून खालून लाकडी टेकू दिला. तो मूळ रचनेत नव्हता. जुन्याशी प्रामाणिक राहणं मला महत्त्वाचं वाटतं, पण त्या सात भोकांवर पुन्हा तेवढाच भार टाकायचा नाही.

२२ जून

मागच्या भागाची परीक्षा. सगळी दारं-खिडक्या बंद, छपराच्या झडपेच्या जागी भोक पाडलेला पुठ्ठा आणि त्यातून पानं उडवायचा ब्लोअर. आत दाब तयार झाला की बाहेरून साबणाचं पाणी लावायचं. जिथे फुगे, तिथे गळती. सई एका बाजूने, मी दुसऱ्या. मागच्या डाव्या दिव्याखाली आणि कमरेच्या जोडावर एका ठिकाणी फुगे. दिवा काढून ब्युटाइल लावलं. जोड आतून मॅटने पुन्हा बांधला. वरची विनाइलची पट्टी नुसती शोभेची आहे, पाणी अडवायचं काम आतल्या मॅटचंच.

२९ जून

विजेचं काम. डावा दिवा ब्रेक दाबला की मंद व्हायचा. पत्र्याच्या ट्रेलरमध्ये अंगच अर्थचं काम करतं. फायबरमधून वीज जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थची तार लागते. डाव्याची बोल्टपाशी गंजली होती. गॅसची नळी आणि रेग्युलेटर नवे घालून परवानाधारक माणसाकडून तपासून घेतले. तिथे स्वतःची हुशारी नको.

सामान भरून खडीवाल्याच्या वजनकाट्यावर नेला: ५९० किलो. दांड्याचं टोक घरच्या वजनाच्या यंत्रावर टेकवलं: ५२ किलो, म्हणजे ९ टक्केही नाही. दहा ते पंधरा हवेत, कमी असलं तर ट्रेलर मागे शेपटीसारखा डोलतो. पाण्याचे कॅन मागच्या बाकाखालून पुढे आणले. ७१ किलो, १२ टक्के.

७ जुलै, ग्रँड बीच

पहिली रात्र. येताना शंभरच्या वेगालाही सरळ धावला. संध्याकाळी तळ्यावर गेलो, पिठलं-भात याच शेगडीवर केला. सूर्य साडेनऊ वाजून गेले तरी मावळत नव्हता, डास मात्र वेळेवर आले.

दोन वाजता पाऊस सुरू झाला, वाऱ्यासकट. फायबरच्या छपरावर तो कौलांसारखा वाजत नाही; बारीक, सलग, डब्यावर तांदूळ ओतल्यासारखा. मी टॉर्च घेऊन उठले. कपाटाच्या वर सातही रिव्हेटपाशी टिश्यू कागद फिरवला: कोरडा. पुढच्या खिडकीखाली कोरडा. दारापाशी जमीन कोरडी. मागच्या दिव्यामागे कोरडा. सई वरच्या जागेवरून डोकं बाहेर काढून विचारत होती, “आणि तिथे?”

झडपेच्या चौकटीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात कागद ओला झाला. थेंब लोंबत होता, पडत नव्हता. खाली पेला ठेवला आणि पेन्सिलने छतावर फुली मारली. मग आठवण झाली. तिथे राजापुरात दुपार होती. अण्णांना फोन लावला, छत दाखवलं.

“ही फुली पडते तिथली,” ते म्हणाले. “शिरतं कुठे, ते सकाळी वर चढून बघ.”

सकाळी बघितलं. झडपेच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात एक स्क्रू अर्धा आटा वर राहिलाय. पाणी चौकटीच्या पट्टीतून तिरकं मागे आलं. घरी गेल्यावर चौकट पूर्ण काढून ब्युटाइलची नवी पट्टी. चौकटीच्या स्क्रूंची भोकं तशीच, १४.